डोळे सरावेपर्यंत

ऋषिपंचमीची दुपार. स्वयंपाकघरातून ऋषीच्या भाजीचा वास येत होता, अळू, माठ, भेंडी, कणसाचे तुकडे असं सगळं एका पातेल्यात रटरटत असल्याचा. बाहेर आमच्या बेळगावातल्या वडगावचा तो खास पाऊस, जो धड पडतही नाही आणि थांबतही नाही. आरती, प्रसाद, पाहुणे यांतून सुटून जरा पाठ टेकावी म्हणून मी माडीवर गेलो, तर पुतण्या खिडकीशी लॅपटॉप घेऊन बसलेला. यंदा तो इंजिनिअरिंगला गेला, म्हणून भावानं हप्त्यांवर घेऊन दिलेला लॅपटॉप. तो फक्त अभ्यासासाठी आहे असं घरात ठरलेलं आहे आणि त्यावर कुणी फार चौकशी करत नाही. "काका, हिकडं या की जरा," तो म्हणाला. पडद्यावर डूम इटर्नल थांबवून ठेवलेला होता. त्या गेमला २०२१ च्या जूनमध्ये एक पॅच, म्हणजे मागाहून जोडायची सुधारणा, आला आणि त्यातून रे ट्रेसिंगची प्रतिबिंबं मिळाली. पॅच जुना, पण ते पेलणारं ग्राफिक्स कार्ड पोराच्या हातात आत्ता आलं होतं. त्यानं एकाच जागी उभं राहून दोन फोटो काढले होते, एक ती सोय बंद ठेवून, एक चालू करून. बाणाची कळ दाबून तो पुढं-मागं करत होता. चकचकीत फरशी, लोखंडी खांब, लालसर उजेड. पुन्हा तीच फरशी, तोच खांब, तोच उजेड. "फरक दिसालाय न्हवं?" त्यानं विचारलं.

मी पुढं वाकून बघितलं. चष्मा वर केला, खाली केला.

"हो, दिसतोय की. मस्तच," मी म्हणालो.

मला काहीही दिसलं नव्हतं.

खोटं बोलायची ही काय मोठी गोष्ट झाली, असं कुणी म्हणेल. पण ते वाक्य रात्री मांडवात भजनाला बसलो तरी डोक्यातून जाईना. गेली पंधरा वर्षं मी पुण्यात स्क्रीनसमोर बसूनच पोट भरतो. तो फरक काय असायला हवा होता, हे मी पोराला फळ्यावर काढून समजावू शकलो असतो. जुन्या पद्धतीत गेम चमकत्या फरशीत जे प्रतिबिंब दाखवतो ते बरंचसं पडद्यावर आधीच काढलेल्या चित्रातून उचललेलं असतं. म्हणजे जे तुमच्या नजरेच्या चौकटीत आहे तेच फरशीत दिसणार. मान वळवली, एखादा खांब चौकटीबाहेर गेला, की फरशीतूनही तो नाहीसा. उरलेली जागा आधीच तयार करून ठेवलेल्या ढोबळ चित्रानं भरून काढतात. रे ट्रेसिंगमध्ये फरशीवरून उजेडाची रेघ उलटी फिरवत नेतात, ती कशाला जाऊन धडकते ते बघतात, आणि म्हणून तुमच्या पाठीमागचंसुद्धा समोरच्या काचेत दिसतं. एवढं सगळं मला पाठ. आणि समोर दोन्ही फोटो धरले तर मी ठार आंधळा. बरं, दिसत नाही असं सांगून टाकायला काय हरकत होती? तो हसला असता, मीही हसलो असतो. पण त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखत होतो. ते तसंच्या तसं माझ्याही चेहऱ्यावर एकदा होतं, ह्याच घरात, खालच्या खोलीत.

खालची खोली म्हणजे मागांच्या खोलीला लागून असलेली. तेव्हा आमचे चार यंत्रमाग होते. शहापूर, वडगाव, खासबाग ह्या भागात वाढलेल्या कुणाला मागांचा आवाज समजावून सांगायला नको, आणि बाकीच्यांना सांगून समजत नाही. तो आवाज कानांनी ऐकायचा नसतोच. तो जमिनीतून तळव्यांत चढतो. जेवताना ताटातली वाटी थरथरते. मी बी.सी.ए.ला गेलो तेव्हा आप्पांनी जुळवून घेतलेला संगणक त्या खोलीत आला. सतरा इंची, पोट सुटलेला मॉनिटर. चारही माग एकदम सुरू झाले की व्होल्टेज खाली जायचं, स्टॅबिलायझर टक-टक करायचा आणि पडद्यावरचं चित्र चारी बाजूंनी आत आक्रसायचं, गोगलगायीनं शिंगं ओढून घ्यावीत तसं. माग थांबले की पुन्हा फुलायचं. मी गेम खेळायचो ते ह्या श्वासोच्छ्वासाच्या लयीवर. शत्रू नेमका चित्र आक्रसलं असतानाच यायचा.

आमच्या कॉलेजात खासबागचा एक दोस्त होता. त्याच्या मामानं मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून, कुणीतरी वापरून सोडलेलं जीफोर्स ६६०० जीटी कार्ड पाठवलं. आणि ह्याच्या स्वतःच्या संगणकाला ते बसवायची खाचच नव्हती. मला खाच होती, कार्ड नव्हतं. त्यामुळं मैत्री घट्ट झाली. त्या कार्डाला मदरबोर्डातून येणारी वीज पुरत नसे. चार पिनांची एक वेगळी वायर डोक्यावर जोडावी लागे. आप्पांना ते फार पटलं होतं. "जास्त काम करणाऱ्याला वेगळं जेवण पाहिजेच," असं ते म्हणाले. फार क्रायच्या सीड्याही त्याच मामाकडून आल्या, अस्सल, खोक्यासकट. गेम २००४ च्या मार्चमधला, आणि आमच्या हातात येईतो २००६ उजाडलं. बेळगावला त्या काळी सगळंच दोन वर्षांनी येई, सिनेमाची फॅशन काय आणि गेम काय.

तर त्या फार क्रायची गोष्ट अशी की गेम बाजारात आल्यानंतर तो बनवणाऱ्यांनी पॅच काढून त्याचा चेहराच बदलायला घेतला. बनवणारे जर्मनीतल्या कोबुर्ग नावाच्या एका लहान गावात बसलेले, क्रायटेक म्हणून कंपनी, तुर्की वंशाच्या तिघा येर्ली भावांची. मला तेव्हा ह्या माहितीचं फार अप्रूप वाटलं होतं. म्हणजे राजधानीत नाही, बंदराच्या शहरात नाही, घरी एक भाषा आणि दारात दुसरी अशी माणसं, आणि त्यांनी प्रशांत महासागरातलं बेट, त्यावरची पानं, त्यावरचं ऊन उभं केलं होतं. २००४ च्या जुलैत त्यांनी १.२ क्रमांकाचा पॅच काढला, पण काही मशिनींवर तो भलतंच वागू लागला म्हणून मागं घेतला. मग १.३ आला. त्या पॅचमध्ये एचडीआर होतं, म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवायची सोय. आणि गंमत म्हणजे ते मेनूत कुठंच नव्हतं. मेनूतल्या सगळ्या पानांवर शोधा, सापडायचं नाही. गेम चालू असताना एस्केपच्या खालची, १ च्या डावीकडची ती वळवळीत चिन्हाची कळ दाबायची, वरून एक काळा पडदा खाली घसरत येई, आणि त्यावर आज्ञा लिहायची. उलटी तिरकी रेघ, आर, अंडरस्कोर, एचडीआररेंडरिंग, जागा सोडून आकडा. शून्य म्हणजे बंद. बाकी आकड्यांनी तऱ्हा बदलायची, आणि सात चांगला, असा सगळीकडे बोलबाला होता. सातच का, हे कुणी सांगत नसे. सोळा सोमवारांसारखंच ते, सोळाच का असं विचारायचं नसतं.

पॅच मिळवायला सायबर कॅफेत दोन संध्याकाळी गेल्या. पहिल्या संध्याकाळी अर्ध्यावर लाइट गेली. कॅफेवाल्याला आम्ही "अण्णा, इन्नोंद अर्ध तास" म्हणून गळ घातली, त्यानं मराठीत "जनरेटरचं डिझेल तुझा बाप देतोय काय" म्हणून उत्तर दिलं. दुसऱ्या संध्याकाळी उतरला, सीडीवर घातला, शर्टाच्या आत पोटाशी धरून पावसातून आणला.

मग व्होल्टेजची वाट बघणं आलं. नवं कार्ड, पॅच आणि चार माग हे एकत्र चालणार नाही, हे आम्हाला एका दुपारी स्टॅबिलायझरनं सांगून टाकलं होतं. संगणक आपोआप बंद पडला आणि खोलीत जळल्यासारखा वास आला. नशिबानं काही जळलं नव्हतं. म्हणून आम्ही तारीखच धरली. १ नोव्हेंबर. काळा दिवस. त्या दिवशी गल्लीतले सगळे माग बंद.

ते साल पन्नासावं होतं. बेळगाव महाराष्ट्राऐवजी आजच्या कर्नाटकात गेलं त्या १९५६ पासून मोजलं तर; त्याचाच निषेध म्हणजे काळा दिवस. सप्टेंबरात बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं पहिलं अधिवेशन होऊन गेलं होतं, महाराष्ट्र सरकारचा सीमाभागाबद्दलचा दावा सुप्रीम कोर्टात दोन वर्षांपूर्वी, म्हणजे फार क्रायच्याच साली, दाखल झाला होता. (दोघांतला एक निकाली निघाला, गेम मी त्याच डिसेंबरात संपवला.) सकाळी आप्पा दंडाला काळी फीत बांधून, सायकलला हवा भरून, संभाजी उद्यानाकडं निघाले. दरवर्षी जायचे. त्यात आरडाओरडा नसे, मूक फेरी. त्याच दिवशी शहराच्या दुसऱ्या भागात कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, लाल-पिवळे झेंडे, मोठमोठे स्पीकर. एका गावात एकाच दिवशी एक मुकी मिरवणूक आणि एक वाजतीगाजती. आम्हा पोरांना त्याचं काही वाटायचं थांबलं होतं. खरं सांगायचं तर त्या सकाळी मला फक्त एका गोष्टीचा आनंद झाला होता. गल्ली गप्प होती. जमीन हलत नव्हती. मॉनिटरवरचं चित्र चौकटीत ताठ उभं होतं, एखाद्या फोटोसारखं. वीस वर्षांचा झालो तरी आमच्या घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती, आणि ती मी गेम खेळण्यासाठी वापरली. ह्याची थोडी लाज तेव्हाही वाटली होती. आजही वाटते.

फार क्राय सुरू होतो तो अंधारात. बोट उडवली गेलेली असते, आणि तुम्ही, लाल फुलाफुलांचा शर्ट घातलेला जॅक कार्व्हर, जमिनीखालच्या ओलसर, पडक्या बोगद्यात. पाणी ठिबकत असतं. वाकत, रांगत पुढं सरकायचं. आणि शेवटी बोगद्याच्या तोंडाशी येऊन बाहेर पाऊल टाकलं की समोर एकदम सगळं बेट, समुद्र, माड, ऊन. ज्यानं तो गेम खेळला आहे त्याला बाकी काही आठवो न आठवो, हे बाहेर येणं आठवतं. आम्ही तिथवर आलो, बोगद्याच्या आतच थांबलो, काळा पडदा खाली ओढला. दोस्तानं बोटांनी मोजत मोजत आज्ञा लिहिली. सात. एंटर. काही झालं नाही. अंधार होता तसाच होता. "गेली काय रे मेहनत?" तो म्हणाला. मी डब्ल्यूवर बोट ठेवून एक पाऊल पुढं टाकलं.

आणि ऊन अंगावर आलं.

दुसरा शब्द नाही. त्याआधीही बाहेर ऊन होतंच, छान पिवळं, कॅलेंडरवरच्या समुद्रकिनाऱ्यासारखं. आता मात्र माडाच्या झावळ्यांच्या कडा उजेडानं खाल्ल्या. वाळू पेटल्यासारखी. समुद्राकडं बघवेना. आम्ही दोघांनीही, काळोख्या खोलीत मॉनिटरसमोर बसून, डोळे बारीक केले. अगदी खरंच केले. त्यामागचं कारण नंतर कळलं तेव्हा आणखी आवडलं. साध्या हिशोबात प्रत्येक रंग ० ते २५५ मध्ये बसवावा लागतो. चुना लावलेल्या भिंतीला २५५ दिले की सूर्याला द्यायला काही उरत नाही, त्यालाही तेच २५५. गणपत गल्लीतली भिंत आणि माथ्यावरचा सूर्य एकाच भावात. एचडीआरमध्ये आतला हिशोब सोळा बिटांच्या दशांश आकड्यांत करतात, तिथं सूर्य भिंतीपेक्षा कितीतरी पट मोठा आकडा ठेवू शकतो, आणि शेवटी पडद्यावर उतरवताना ते सगळं दाबून बसवायचं, जास्तीचं ऊन आजूबाजूला सांडू द्यायचं. पॅच आला तेव्हा हे करायला जीफोर्सची सहा नंबरची मालिकाच लागे. एटीआय ह्या दुसऱ्या कंपनीची भारी भारी कार्डं घेतलेल्यांना तेव्हा हे चालू करता येत नव्हतं, ह्याचा आम्हाला, ज्यांच्याकडं कालपर्यंत काहीच नव्हतं त्यांना, वाईट आनंद झाला होता.

किंमत होतीच. एचडीआर लावलं की कडा गुळगुळीत करणारं अँटिअलायझिंग बंद, दोन्ही एकत्र त्या कार्डांवर होतच नसे. त्यामुळं उजेड स्वर्गातला आणि माडाचं खोड करवतीसारखं. आणि १०२४ बाय ७६८ वर सेकंदाला चाळीसेक चित्रं पळवणारा गेम विशी-बाविशीवर आला. मान वळवली की चित्र मागून येई. पाच मिनिटांत मी तीनदा मेलो. तरी बंद करायची इच्छा होईना. आम्ही शत्रूला मारायचं सोडून बोगद्यात आत-बाहेर, आत-बाहेर करत बसलो. शून्य, सात. शून्य, सात.

बाराच्या सुमाराला आप्पा आले. नोव्हेंबरातलं ऊन, पाऊस संपल्यानंतरचं, धुतलेलं, टोचणारं. त्या उन्हातून सायकल मारत आलेले. दारात थांबले. आमच्या घरात उन्हातून आलेला माणूस दारात थांबतोच. माग असलेल्या घरात आत नेहमी अंधार, आणि मधे कुठं ताण्याची दोरी, कुठं कांड्यांची टोपली. डोळे सरावेपर्यंत पाय टाकायचा नाही, हे लहानपणीच शिकवलेलं. तसे ते चौकटीला हात लावून थांबले, काळ्या फितीचा हात, आणि तिथूनच पडद्याकडं बघत राहिले. दोस्तानं उत्साहानं जॅकला बोगद्यातून बाहेर काढून दाखवलं. "आप्पा, कसं दिसालंय बघा, खऱ्यासारखं." आप्पांनी बघितलं. ते रंग बघणारे होते. रंगवलेल्या सुताची लच्छी त्यांनी कधी बल्बखाली घेतली नाही; दारात न्यायची, उजेडाकडं पाठ करून, मग उजेडाकडं तोंड करून. तसं त्यांनी बघितलं. म्हणाले, "बाहेर पडल्यावर असंच होतंय, बरोबर आहे." आम्ही खूश. मग थोडं थांबून, "खरं, दोन मिनिटांत डोळे सरावतात की माणसाचे. ह्याचे सरावतच नाहीत काय?"

आणि खरंच, ते बेट तसंच पेटलेलं राहिलं होतं. अर्धा तास झाला तरी.

मला त्या वाक्याचा तेव्हा राग आला होता. आपण एवढा खटाटोप करावा आणि ह्यांनी एका वाक्यात नेमकी उणीव काढावी. नंतरच्या काळात गेममधले डोळेही सरावायला लागले. आत गेलं की हळूहळू दिसू लागणं, बाहेर आलं की झळाळी ओसरणं, हे आता कुठल्याही गेममध्ये न सांगता होतं. पण आप्पा स्वतः सरावण्याच्या बाबतीत इतके तरबेज निघतील असं वाटलं नव्हतं.

माग २०१४ साली गेले. भंगाराच्या भावानं, किलोवर. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बेळगावचं सरकारदरबारी बेळगावी झालं, म्हणून साल लक्षात राहिलं. माग उचलून नेण्याआधी आप्पांनी शेवटची एक साडी आईसाठी विणली. हिरवी. सण आला की आई "ती हिरवी काढू काय?" असं विचारते आणि आप्पा बरं म्हणतात. ही साडी आमच्या घरात कुलदैवताच्या टाकाइतकी मानाची आहे. मी पुण्यात राहतो, वर्षातून दोनदा येतो, मी त्या साडीकडं कधी नीट बघितलंच नाही. हिरवी आहे म्हटलं की हिरवी.

यंदा आषाढात आप्पांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. खूप पिकलेला होता. दवाखान्यात नर्सबाई "मेल नोडरी अज्जा, मेल नोडरी" म्हणत त्यांच्या डोळ्यात थेंब टाकत होत्या, आणि आप्पा वर बघण्याऐवजी त्यांच्याशी कन्नडमध्ये सुताच्या भावावर बोलत होते. बाई मूळच्या रामदुर्गच्या, त्यांच्या घरीही माग होते म्हणे. मी काळा चष्मा हातात धरून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. आप्पांनी आधी छताकडं बघितलं, मग भिंतीकडं, मग स्वतःच्या धोतराकडं. आणि मग त्यांनी एक चाळा सुरू केला. उजवा डोळा मिटायचा, डाव्यानं बघायचं. डावा मिटायचा, उजव्यानं बघायचं. "ह्या डोळ्यानं भिंत पांढरी," ते म्हणाले, "आणि ह्या डोळ्यानं चहा सांडल्यासारखी." जुनं भिंग वर्षानुवर्षं पिवळं पडत जातं, आणि निळा उजेड आतल्या आत अडवत जातं. इतक्या हळू, की माणसाला पत्ता लागत नाही. नवीन भिंग बसलं की निळं पुन्हा आत येतं. हे डॉक्टरांनी समजावलं, मीही समजावलं. आप्पा ऐकत नव्हते. घरी आल्यावर त्यांनी तो चाळा दूध, आकाश, पेपर, आईचे केस अशा सगळ्या वस्तूंवर केला. लहान मुलासारखे हसत. शून्य, सात. शून्य, सात.

चौथ्या दिवशी आईनं कपाटातले कपडे पावसाळी वासाला बाहेर काढून पसरले. मी तिथं होतो. आप्पा खाटेवरून उठले, त्या साडीचा पदर उचलला, दारात नेला. उजेडाकडं पाठ. उजेडाकडं तोंड. डावा डोळा मिटला. बराच वेळ. मग उजवा मिटला.

"ही निळी आहे," ते म्हणाले.

कुणी काही बोललं नाही. मीही जवळ जाऊन बघितलं. पुरती निळी नव्हती. मोरपंखीच, पण हिरव्यापेक्षा निळ्याकडं स्पष्ट झुकलेली. पुणे-मुंबईच्या कुठल्याही दुकानात तिला कुणी हिरवी म्हटलं नसतं. अकरा वर्षं आम्ही सगळे म्हणत होतो. आप्पांनी आईकडं बघितलं. बाण्याच्या सगळ्या कांड्या आईनंच भरलेल्या होत्या, तिच्या हाताखालून तो सगळा दोरा गेला होता, अख्खा. तिला माहीत नसणं शक्य नव्हतं. आई इतर साड्यांच्या घड्या घालत राहिली. म्हणाली, "तुम्हाला हिरवी दिसालती, मग हिरवीच की."

आप्पांनी त्यावर काही विचारलं नाही. पण त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी मला एकट्याला गाठून म्हणाले, "शेवटची दोन-तीन वर्षं गिऱ्हाइकं कमी झाली ती माग जुने झाले म्हणून काय रे? का सगळ्यांना दिसत होतं?" मी म्हणालो, सूरतेचा माल स्वस्त झाला, आप्पा, त्याच्यानं. ते खरंही आहे. पण ते किती खरं आहे मला ठाऊक नाही. बघा, हेही मी असंच बोललो, पुतण्याला "मस्तच" म्हणालो तसं.

ऋषिपंचमीच्या त्या रात्री मी खासबागच्या दोस्ताला फोन केला. तो आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो, रात्री दहानंतर मोकळा असतो. विचारलं, तुला आठवतं का, फार क्राय, काळा दिवस. त्याला सगळं आठवत होतं, फक्त आपण सात नव्हे तर आठ टाकलं होतं असं त्याचं ठाम मत. त्यावरून आम्ही वीस मिनिटं भांडलो. ते कार्ड अजून त्याच्याकडं आहे, पंख्यात केस अडकलेलं. मग मी मुद्द्यावर आलो. म्हटलं, तेव्हा फरक खरोखर एवढा होता, का आपण दोघांनी तो डोक्यात घेतला होता? तो थोडा वेळ गप्प राहिला. म्हणाला, "डोळे मिटले होते की रे आपण. मिटलेले मला आठवतात." हा पुरावा म्हणून पुरेसा आहे का, मला ठरवता येईना.

फोन ठेवून मी माडीवर गेलो. पुतण्या जागाच होता. मी सरळ सांगितलं, दुपारी मला काही दिसलं नव्हतं, उगीच हो म्हणालो. त्याला वाईट वाटेल अशी भीती होती. तो उलट सुटल्यासारखा हसला. "मला पण वट्ट दिसत नाही, काका. खरं लॅपटॉप लई गरम होतंय, म्हणजे काहीतरी होत असणारच." मग आम्ही दोघं डोकी जोडून बसलो. त्यानं चित्र मोठं केलं, मी बोट लावून एकेक कोपरा तपासला. पंधरा मिनिटांनी सापडलं. खांबाच्या डाव्या अंगाला, धातूच्या पट्टीत, नखाएवढ्या जागेत, आमच्या पाठीमागच्या दाराचा उजेड होता. पहिल्या फोटोत तिथं नुसता राखाडी धूर. पळत्या गेममध्ये, समोर राक्षस आलेला असताना, तिकडं बघणारा माणूस मेलाच. पोरगा मात्र त्या नखाएवढ्या उजेडाकडं इतका वेळ बघत राहिला की मी खाली झोपायला गेलो तरी माडीवरचा दिवा चालूच होता.

गौरीच्या जेवणाच्या दिवशी आईनं ती साडी नेसली. न विचारता. दरवर्षी विचारते, यंदा विचारलं नाही. डाव्या डोळ्याची तारीख डॉक्टरांनी गणपतीनंतरची दिली होती. आप्पांनी परस्पर फोन करून ती पुढं ढकलली होती, दिवाळी होऊ दे म्हणून. भाऊ वैतागला होता. मी काही बोललो नाही. आई गौरीपुढं वाकून पुरणाचं ताट ठेवत होती, समईचा उजेड पदरावर पडला होता, आणि खाटेवर बसलेले आप्पा तळहातानं उजवा डोळा झाकून तिच्याकडं बघत होते.

"डोळ्यात काय गेलं काय?" आईनं मान न वळवता विचारलं.

"न्हाई," आप्पा म्हणाले. "बघालोय."